ब्रेकला तेल

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. गाडीचे ब्रेक वाजायला लागले तेव्हा तर तो तीन आठवडे मुक्कामालाच होता. मुलुंडची आमची बिल्डिंग डोंगराच्या बाजूला, पार्किंगपासून गेटपर्यंत चांगला उतार. सकाळी कामाला निघाले की गेट येईपर्यंत नुसती किंचाळी. बिल्डिंगच्या ग्रुपवर सेक्रेटरी लिहायचा, 'कोणाची तरी गाडी फार आवाज करते.' कोणाची ते साऱ्या बिल्डिंगला माहीत होतं, पण तोंडावर बोलायची हिंमत नाही.

गॅरेजवाल्याने चाकाकडे वाकून बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, पॅड, डिस्क, सगळं चेंज करावं लागेल." बाई एकटी गाडी घेऊन आली की यांना सगळंच चेंज करायचं असतं. मी कॉलेजच्या लॅबमध्ये वीस वर्षं यंत्रं उघडतेय आणि जोडतेय. रविवारी मीच चाक काढायचं ठरवलं.

रविवार हा बाबाचा तेलाचा दिवस. बाबा मिलमध्ये साचेखात्यात तेलवाला होता. साच्यांच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, रांगेतून फिरायचं, कुठे सुकं वाजतंय ते ऐकायचं आणि तेल घालायचं. मिल बंद पडली, पण लांब चोचीची तेलाची बुधली त्याने घरी आणली. तेव्हापासून दर रविवारी आंघोळ झाली की तो घरभर फिरतो. बिजागऱ्या, खिडक्या, पंखा, शिलाई मशीन. आमच्या घरात कधी एक दार वाजलं नाही. आता त्याला बाकी कुठलंच काम आम्ही करू देत नाही. गॅस लावू नको, स्टुलावर चढू नको, एकटा रस्ता ओलांडू नको. उरली ती बुधली.

तर मी मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून जॅक चढवला आणि बाबा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसला.

"वायच तेल घाल गो. सुक्या वाजता हा."

"बाबा, ब्रेकला तेल नाही लावत." आमच्याकडे बापाला कोणी अहो-जाहो करत नाही.

चाक निघालं. पॅड अजून निम्मे शिल्लक होते, म्हणजे गॅरेजवाला सरळसरळ लुबाडत होता. त्यांचा पृष्ठभाग मात्र घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला, आवाज त्याचाच. पॉलिश पेपरने मी तो खरवडला, धूळ काढली. पॅड धरून ठेवणाऱ्या पिना कोरड्या पडल्या होत्या, त्यांना बोटाने थोडं ग्रीस लावलं.

बाबाने ते बरोबर पाहिलं. "मगे ह्या काय?"

"ते वेगळं. तू गप्प बस ना जरा!"

तो बुधलीची चोच लुंगीला पुसायला लागला. मी दुसरंही चाक तसंच केलं, दोन्ही चढवून नट आवळले आणि हात धुवायला, जेवायला वर गेले. बाबा म्हणाला, तू हो पुढे, मी येतोच.

जेवून खाली आले तर हा गेटपाशी उभा. हात वर, कान गाडीकडे. मी गाडी उतारावर घेतली आणि ब्रेक दाबला. आवाज नाही. झकास, म्हटलं, गॅरेजवाल्याच्या नाकावर टिच्चून जमलं! पण गाडी थांबेना. पाय पार खाली दाबला तरी ती नुसती मंदावली आणि बाबाकडे जातच राहिली. मी हँडब्रेक खेचला. बंपर त्याच्या लुंगीपासून वीतभर अंतरावर थांबला.

आणि तो हसत होता. "बघ. आवाज गेलो."

उतरून बघते तर दोन्ही चाकांच्या फटीतून तेल ओघळलेलं. लांब चोच आतपर्यंत पोचली होती. एक साचा सोडून पुढे जायचं नाही ही त्याची मिलची सवय, त्यामुळे दोन्ही डिस्कना सारखंच, अगदी मन लावून.

माझं तोंड सुटलं होतं. "अक्कल आहे का तुला? मरायचं होतं का? यातलं काही कळत नाही ना, मग हात कशाला लावतोस?" वॉचमन उभा, सेक्रेटरी गॅलरीत. बाबाच्या हातातली बुधली हिसकावून मी गेटजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. सोमवारी सकाळी कचरा गेला. मी बघत होते, थांबवलं नाही, इतकी मी पेटले होते.

तेल प्यायलेले पॅड वाचत नाहीत. नवे घालावे लागले. गॅरेजवाला फक्त हसला, तेही डोक्यात गेलं.

आता गाडी वाजत नाही. परवा बाथरूमचं दार वाजलं. मी दोनदा उघडझाप केली, बाबाला ऐकू जावं म्हणून. तो समोरच बसला होता. मिलच्या खडखडाटात एक सुका साचा ओळखणारा माणूस, त्याला ऐकू आलं नसेल हे शक्य नाही. मग मीच दुकानातून तेलाची नवी डबी आणून त्याच्यासमोर ठेवली.

"बाबा, दार वाजतंय. तेल घाल ना."

त्याने डबी माझ्याकडे सरकवली. "तूच घाल गो. माका त्यातला काय कळना नाय."

ब्रेकला तेल का लावत नाहीत हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. डबी उचलून मी दार एवढ्या जोरात आपटलं की शेजारच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं.