वगळलेला सामना

आयोवातल्या आमच्या दहा लहान कॉलेजांच्या फुटबॉल संघटनेत आर्डिथ कोलारला सगळे 'कोंबडी' म्हणायचे, तेही तोंडावर. मोसमातल्या दर शनिवारी सकाळी ती मैदानामैदानावर फोन करायची. "पाहुण्यांची बस पोहोचली का?" एवढाच प्रश्न. सगळ्या बसगाड्या पोहोचल्याशिवाय बाई कॉफीला हात लावायची नाही. "काय आर्डिथ, पिल्लं मोजून झाली का?" असं कुणी चिडवलं की हसायची बिचारी. आणि पुढच्या मैदानाचा नंबर फिरवायची.

वेळापत्रक तीच करायची. भिंतीवर पत्र्याचा फळा आणि प्रत्येक कॉलेजच्या नावाची चुंबकाची चकती; चकती फिरवली की सामन्याचं मैदान बदलायचं. पाच कॉलेजं उत्तर गटात, पाच दक्षिण गटात. आपल्या गटातल्या चौघांशी खेळायचं, दुसऱ्या गटातल्या पाचांपैकी चौघांशी, आणि एक वगळायचा. सीडर फोर्क आणि वेस्ली रिज ही साठ मैलांवरची शेजारी कॉलेजं तिनं दोन गटांत टाकली आणि दरवर्षी नेमकी एकमेकांना वगळली. बावीस वर्षं! लोकांना वाटायचं, गणितच तसं पडतं. गणित कसलं डोंबलाचं!

बावीस वर्षांपूर्वी हा सामना सीडर फोर्कला व्हायचा होता. वेस्ली रिजच्या प्रशिक्षकाला त्याच शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी तो आपल्याच मैदानावर हवा होता. "तुम्हाला काय, चकती फिरवायची फक्त," तो म्हणाला. आर्डिथनं फिरवली. ऑक्टोबरमधला दुसरा शनिवार, सकाळचं दाट धुकं, पुलावर मक्यानं भरलेला ट्रक आणि त्यावर आदळलेली बस. सीडर फोर्कची तीन मुलं गेली. त्यातलाच चोपन्न नंबरचा डेल शिमेक.

धुकं पडलं की अजूनही आर्डिथला खिडकीबाहेर बसचे दिवे दिसायचे. दिवे जवळ येत राहायचे, बस मात्र येऊन पोहोचायची नाही.

यंदा संघटनेचे नवे प्रमुख ओस्टर आले आणि त्यांनी गटच मोडीत काढले. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, वेळापत्रक कॉम्प्युटर काढणार. कॉम्प्युटरनं काढलं: सीडर फोर्क विरुद्ध वेस्ली रिज, वेस्ली रिजच्या मैदानावर, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. आर्डिथ तडक ओस्टरांकडे गेली.

"हा सामना नको," ती म्हणाली.

ओस्टर काही वाईट नव्हते. "आर्डिथबाई, त्या मुलांच्या घरच्यांपैकी कुणाची हरकत असली तर काढतो. दोन ओळी लिहून आणा. पण तुम्हाला नको म्हणून नाही काढता येणार."

म्हणून ती कोरा कागद घेऊन डेलच्या आईकडे, व्हर्ला शिमेककडे गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेली, पूल टाळून.

व्हर्लानं जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, पुढे ठेवले. सामन्याचं ऐकलं आणि ती एकदम खुर्चीवर बसली.

"वेस्ली रिजला? खरंच?" तिनं डोळ्यांना एप्रन लावला. "अहो, आम्ही दोघं याचीच वाट बघत होतो! डेल जिथं पोहोचला नाही, तिथं त्याच्या संघाची पोरं एकदा खेळताना बघायची होती. दर उन्हाळ्यात वेळापत्रक आलं की एमिल, डेलचा बाप, चष्मा लावून हा सामना शोधायचा. नसायचं. 'पुढच्या वर्षी गं,' म्हणायचा. गेल्या मार्चमध्ये गेला तो. देवाच्याच मनात नव्हतं, दुसरं काय."

आर्डिथनं हातातला कोलाचे ताटलीत ठेवला. गप्प बसून निघता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

"देव नव्हता, व्हर्लाबाई," ती म्हणाली. "मी होते. तेव्हाची चकतीही मीच फिरवली, आणि नंतर दरवर्षी हा सामना मीच वगळला. वाटलं, तुमच्या जखमेवरची खपली निघायला नको."

व्हर्ला उठली आणि आर्डिथपुढची ताटली उचलून ओट्यावर ठेवली.

"माझ्या जखमेवरची की तुझ्या?" तिचा आवाज फाटला. "एकदा विचारायचंस तरी! माणूस वाट बघून बघून गेला गं माझा!"

आर्डिथनं मान खाली घातली. रडायचाही हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटलं. कागद तसाच घडी घालून तिनं पर्समध्ये टाकला. ती दारापर्यंत गेली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्या शनिवारी मला तू न्यायचंस."

"नेईन."

"पुलावरून. लांबचा रस्ता नाही चालणार."

आर्डिथनं कडी घट्ट धरली. "किती वाजता येऊ?"

"बस सातला निघाली होती," व्हर्ला म्हणाली.