आंधळे मासे

अंबूमावशीने सरकारी झेंड्यावर भरलेले मासे आंधळे असत. खवले, कल्ले, शेपटी, सगळं रेशमाने असं भरायची की पाहत राहावं. डोळ्याची जागा मात्र कोरी. चौकातले रहमतमियाँ सरकारी कापडाचा ठेका घेत आणि भरतकाम काशीतल्या आमच्या दूधविनायकच्या गल्लीत मावशीकडे पाठवत. ते कपाळाला हात लावायचे. "माताजी, मछली फिर अंधी है!" मावशी म्हणायची, "रहने दो मियाँ." बिचारे दुकानी जाऊन डोळे स्वतः घालून घेत.

तशी ती बोलघेवडी बाई. आधी आपल्या प्रांताला स्वतःचं निशाण नव्हतं, साहेबाचाच झेंडा चाले. मग दोन प्रांत जोडले, नाव बदललं, आणि पुढे झेंड्यावर हे माशांचं चिन्ह आलं. मी शेजारची, तिच्याकडे टाका शिकायला बसायचे. ती बोट ठेवून दाखवायची, "हे लखनौच्या नवाबाचे मासे. हे रामाचं धनुष्य, अयोध्येचं. या लाटा प्रयागच्या. आणि काशीचं काय घेतलं मेल्यांनी? माझी सुई!" असं म्हणून खो खो हसायची. तेव्हा तिचे मासे डोळस होते.

तिचा एकुलता एक विनू कॉलेजात होता आणि चळवळीत पुरता बुडालेला. बाप लहानपणीच गेलेला. "तू शिव, मी उतरवतो," तो आईला चिडवायचा, "घरात दोघांनाही काम!" ती लाटणं उगारायची. पण पोरगं बोलल्याप्रमाणे वागलं. ऐन श्रावणात घाटाजवळच्या पोलीसचौकीवर चढून त्याने झेंडा ओढला, पोलीस मागे लागले, आणि याने अहिल्याबाई घाटावरून पुरात उडी घेतली. पलीकडे रामनगर, राजाचं राज्य. तिथे इंग्रजी पोलीस सहजी हात घालत नसत. मधल्या धारेपर्यंत त्याचं डोकं लोकांनी पाहिलं. पुढचं कोणीच पाहिलं नाही.

फाटलेला तो झेंडा महिन्याभराने मियाँ घेऊन आले. देऊ की नको असं त्यांना झालं होतं. मावशीने तो मांडीवर पसरला, फाटलेलं शिवलं, आणि मग माशांचे डोळे उसवून टाकले. मी विचारलं, "हे काय गं, मावशी?"

"गणपतीला डोळे शेवटी का देतात? डोळे आले की जीव येतो. हे सरकारचे मासे. विनू कुठे गेला ते यांनी पाहिलं, तर सांगतील."

त्यानंतर ती गल्लीत फारशी बोलेनाशी झाली. सकाळी रामनगरच्या नावाड्यांना विचारायची, उंच, गोरा, डाव्या भुवईवर खोक, असा कोणी दिसला का? घरी पूजा सांगणारे गुरुजी दरवर्षी समजावत, की तो आता यायचा नाही. बारा वर्षं उलटल्यावर त्यांनी स्पष्टच सांगितलं, "अंबूताई, आता त्याच्या नावाने पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायला हवा. त्याचा जीव अडकलाय." मावशी कडाडली, "रामनगरला आहे तो. जित्या लेकराला आग लावू?" खरं सांगते, मला तेव्हा तिचा रागच यायचा. तिच्या घरात पाऊल टाकलं की दाराआड कोणी ओलेता उभा आहे असं वाटे.

मग इंग्रज जाणार अशी बोलणी सुरू झाली. नवं मंत्रिमंडळ आलं, जुनी वॉरंटं रद्द झाली. लपलेली मुलं एकेक करून घरी आली, कोणी दाढी वाढवून, कोणी बायको घेऊन. गल्लीत पेढे वाटले गेले. मावशीने दाराला कडी लावणंच सोडलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

माघात मियाँ एक झेंडा दुरुस्तीला ठेवून गेले. मी गेले तेव्हा मावशी उजेडात बसली होती. म्हणाली, "काळा दोरा ओवून दे गं. मला दिसत नाही." तिने दोन्ही माशांना डोळे भरले, अगदी ठसठशीत.

"बघू दे आता त्यांना," ती म्हणाली. "नदीतच आहे तो. शोधून तरी काढतील."

मियाँनी न्यायला आल्यावर झेंडा उलगडला, डोळे पाहिले आणि पुन्हा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी अहिल्याबाई घाटावर पळसाच्या पानांचा पुतळा मांडला. गुरुजी सावकाश, खणखणीत मंत्र म्हणत होते. मावशी थोडा वेळ ऐकत राहिली, मग पुढे वाकून म्हणाली, "गुरुजी, जरा लवकर आटपा हो. फार वर्षं पाण्यात आहे पोरगं."