पिढीतलं शेवटचं नाव

मोहाची फुलं वाळत घातल्याचा वास आला की मला एटापल्लीकडचं एक अंगण आठवतं. ग्रीक दंतकथांमधल्या राजांच्या वंशावळी घ्यायच्या आणि तुर्कस्तानात सापडलेल्या हिटाइट काळातल्या मातीच्या पाट्यांवरच्या नावांशी जुळवत बसायचं, असं खूळ तेव्हा माझ्या डोक्यात होतं. गाण्यातलं नाव खऱ्या माणसाचं असतं का, हे विचारायला मी किंगरीच्या तारांवर घराण्यांच्या पिढ्या गाणाऱ्या एका म्हाताऱ्या भाऊंकडे गेले. त्यांचा मुलगा जंगलात गेला तो परतलाच नाही, हे गावात शिरतानाच कळलं होतं. त्याची आई मात्र 'येईल' एवढंच म्हणायची. "जित्या माणसाचं नाव आमी पिढीत घेत नाई, बाई," भाऊ म्हणाले, आणि माझ्या आग्रहाखातर स्वतःच्याच घराण्याची पिढी गाऊ लागले. पणजा आला, आजा आला, बाप आला. मग स्वतःला वगळून त्यांनी आणखी एक नाव गायलं. मागे मोह पाखडणाऱ्या त्यांच्या बायकोचं सूप थांबलं. "काऊन घेतलं जी त्याचं नाव?" भाऊंनी किंगरी खाली ठेवली. "किती दिवस बाहेर ठेवू त्याले?" आजही पाटीवरचं एखादं नाव जुळलं की सगळे खूश होतात, राजा खरा होता म्हणून, मला मात्र कुठेतरी एक सूप थांबलेलं ऐकू येतं.