थाळीतलं तेल

लग्न झालं त्या वर्षी मी बायकोला केसांना तेल लावू दिलं नव्हतं. एवढं एक वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. बोलायचा माझा स्वभाव नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो. पीएच.डी.च्या कामासाठी मला मागची पत्र्याची खोली मिळाली होती. आधी तिथं मोडकी बाकं ठेवायचे. माझं सगळं काम एका उथळ पितळी थाळीत चालायचं. तिला आतून मेणाचा थर, आणि काठोकाठ पाणी. अंड्याच्या बलकातून काढलेल्या स्निग्ध पदार्थाचा थेंब त्या पाण्यावर सोडला की तो पसरत जातो, इतका, की एका रेणूचीच जाडी उरते. जिवंत पेशीचं आवरण अशाच रेणूंचं, पण दुहेरी थराचं असतं, आणि त्या थरात प्रथिनं रुतून बसलेली असतात. ती तिथं शिरतात कशी, हा माझा प्रश्न. वाकड्या सुईनं मी थराखालच्या पाण्यात प्रथिन सोडायचो आणि वाट बघायचो. तराजूला टांगलेली कागदाची पट्टी पाण्याला टेकलेली असायची. प्रथिन थरात शिरलं की पाण्याची ओढ कमी व्हायची आणि पट्टी किंचित वर यायची. रेणू फार दाटीनं बसलेले असले तर मात्र प्रथिनाला जागाच मिळायची नाही. ते खालीच राहायचं.

दुपारी बायको डबा घेऊन यायची. ती कडेगावची, घरी ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. साताऱ्यात तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मलाही तिच्याशिवाय नव्हतं, पण हे तेव्हा मला सुचलं नाही. डबा ठेवून ती स्टुलावर बसायची. पाण्यावर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरवायची, हे काम तिचं. थेंब सोडला की पावडर काठाकडे धूम ठोकायची.

"पळाली!" ती म्हणायची. दर वेळी.

मग एकदा थेंब न सोडताच पट्टी हलायला लागली. स्वच्छ पाण्यावर हलायलाच नको. म्हणजे कुठून तरी तेल येत होतं. ती वाकली की तिची वेणी थाळीवर यायची, खोबरेलाचा वास यायचा.

"काही दिवस तेल लावू नकोस," मी म्हणालो.

"काही दिवस म्हंजी?"

"काम होईपर्यंत."

तिनं वाद घातला नाही. शिकेकाईनं केस धुऊन आली.

सुतकातच डोकं कोरडं ठेवतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या सांगलीच्या घरीही तेच होतं. पण थाळीपलीकडे माझं लक्षच नव्हतं. बाजारात बायका तिच्या डोक्याकडे बघायच्या. एस.टी. स्टँडवर तिच्या गावच्या एका बाईनं तिला पाहिलं, विचारायचा धीर झाला नाही म्हणून तशीच गाडीत बसली आणि गावात जाऊन सांगितलं.

दुसऱ्या सकाळी सासरे दारात उभे. डोक्याला फेटासुद्धा नाही.

"कोण गेलं गं?"

"कुणी न्हाई, आबा."

"मग डोस्कं असं का? आवं जावईबापू, आई बरी हाय न्हवं तुमची?"

मी सगळं समजावून सांगितलं. थाळी, थर, प्रथिन. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी अंड्याच्या बलकापायी?"

"तसं नाही, पेशीचं आवरण जे असतं..."

"फौजंत लय हुकूम ऐकले मी. डोस्क्याला तेल लावू नका म्हणणारा सायेब काय भेटला न्हाई." ते हसले, मग हसू ओसरलं. "हिची आय कालपास्नं चुलीला हात लावंना झालीय, जावईबापू. चार दिस घिऊन जातो हिला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "जाऊ का?"

"जा. तेवढंच काम होईल," मी म्हणालो.

ती गेली आणि पट्टी तशीच हलत राहिली. उन्हाळा होता, पत्रा तापलेला. पाण्यावर पावडर भुरभुरवून मी थाळीवर वाकलो होतो, तेवढ्यात कपाळावरचा घामाचा थेंब पाण्यात पडला. पावडर चहूकडे पळाली, मधे स्वच्छ गोल उरला.

मी रोज सकाळी डोक्याला तेल लावायचो. तिच्याच बाटलीतलं. विचार करताना केसांवरून हात फिरवायची मला सवय, आणि पाण्याचा पृष्ठभाग निपटून घ्यायची काचपट्टी त्याच हातानं धरायचो. तिला मनाई केली, त्या सकाळीही मी तेल लावलंच होतं.

डोकं धुतलं, टोपी घातली. पट्टी स्थिर झाली. प्रयोग सुरेख यायला लागले.

माहेरी गेलेल्या बायकोला न्यायला जावयानंच जायचं असतं. मी गेलो नाही. गेलो असतो तर सांगावं लागलं असतं. खानावळीत जेवायचो, पावडर मीच भुरभुरवायचो. ती पळायची आणि खोलीत कुणी काही म्हणायचं नाही.

पावसाळा सरल्यावर गेलो. ओसरीवर सासूबाई तिच्या टाळूवर तेल थापत होत्या. खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं ते असं: "माझं काम झालं. आता तेल लावलं तरी चालेल."

सासूबाईंचा हात थांबला.

"परवानगी मिळाली गं," सासरे म्हणाले. कुणी हसलं नाही.

ती माझ्याबरोबर आली. संसार झाला, मुलं मोठी होऊन बाहेर गेली. पण त्या खोलीत तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. डबा सकाळीच हातात द्यायची. का येत नाहीस, असं मी कधी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात ती दारात ऊन खात वेणी घालत होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. घामाचा थेंब, बाटली, सगळं.

"मग तवाच का न्हाई बोलला?"

तिनं वेणीचं टोक बांधलं.

"ती पावडर पळायची ते मला लय आवडायचं," ती म्हणाली. "वाटायचं, तुमी म्हणाल, चल बघायला. लय दिस वाट बघितली."

ती खोली पाडून कॉलेजनं तिथं सायकल स्टँड केलाय, हे तिला माहीत नव्हतं. तेही मी सांगितलं.