एअर फ्रायर गरम होईना, आणि भाऊंनी दिलेला नकार

मंडळी, आज सकाळी आमच्या एअर फ्रायरने दगा दिला. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण वीस मिनिटांनी बघते तर बटाट्याचे काप कच्चेच!

अँजिओप्लास्टीनंतर सासऱ्यांना तळलेलं बंद आहे, त्यामुळे हे यंत्र रोज लागतं. दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं, फरक नाही. शेवटी पिशवीत घालून पिंपरी पेंढारहून नारायणगाव गाठलं.

तिथे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक वयस्कर भाऊ आहेत. त्यांनी झाकण खोलून मीटर लावला.

"ताई, कॉइल चांगली हाय. आतला फ्यूज गेलाय. लई तापलं की त्यो उडतो. नवा मागवाया दोन दिस लागतील."

"मग फ्यूज वगळून वायर डायरेक्ट जोडून द्या ना!"

"ते जमणार न्हाई. परत तापलं तर थांबवणार कोण? दुपारी कोण वापरतं?"

"सासरे. मी कामावर असते, घरात ते एकटेच." बोलता बोलता माझा आवाज बारीक झाला.

यंत्र मी भिंतीला चिकटवून ठेवत होते, हेही कबूल केलं. गरम हवेला बाहेर पडायला जागाच नव्हती.

घरी येऊन सासऱ्यांना सगळं सांगितलं. "माणूस चांगला भेटला गं तुला," म्हणाले, आणि उकडलेले बटाटे बिनतक्रार खाल्ले.

भाऊंनी माझं ऐकलं असतं, तर मी खुशीत घरी आले असते आणि उद्या निवांत कामावर गेले असते. आणि घरात सासरे एकटेच त्या फ्यूज नसलेल्या यंत्रापाशी असते.

तुमच्या भल्यासाठी तुम्हाला कोणी असं ठाम 'नाही' म्हटलंय का?