जुबेदाखालांची खिचडी

चिंचेच्या कोळात भाजलेल्या तिळाचं कूट कालवलं, की मी कळंबच्या आमच्या घरी पोचते. आईचं तेरावं उरकून पाहुणे परतले होते, वडील शाळेत शिकवायला गेले होते आणि दहा वर्षांची मी चुलीपुढं रडत बसले होते.

शेजारच्या जुबेदाखाला उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सांगू लागल्या, "रडू नको बेटा. डाळ-तांदूळ एकातच टाक. वरचं चिंच-तिळाचं खट्टं तर शिजवायचंबी न्हाय."

खिचडी झाली. मीठ बघायला मी पळी त्यांच्यापुढं धरली. हात मागं घेत त्या म्हणाल्या, "वासावरूनच कळलं, बरोबर हाय."

केवढं कौतुक वाटलं होतं मला त्यांच्या नाकाचं! आमचं सोवळं त्या सांभाळत होत्या, हे फार उशिरा कळलं. मिठाला कुठं वास असतो?