साचेखात्यातल्या खुणा

ते बनियन धुवायचं नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती. कॉलेजच्या नाटकातल्या नोकराचं ते बनियन. त्यावर चहा ओतून वाळवला होता, बगलेत बूटपॉलिश चोळलं होतं, आणि माझ्याआधी दोन वर्षं दुसऱ्या एका मुलाचा घाम त्यात मुरला होता. अंगात घालताना मी श्वास धरत असे. मग मेकअपवाला तोंडाला काळा रंग फासायचा. मी मुळात काळाच, पण सर मागून म्हणायचे, "अजून एक हात दे. अस्सल दिसला पाहिजे."

लालबागला आमच्या चाळीत मळकं बनियन घालून बसलेला माणूस मी पाहिलेला नव्हता. आई सोडा घालून कपडे उकळवायची. वडील गिरणीतून यायचे तेव्हा भुवयांवर कापूस असायचा, पण नळावर अंघोळ करून धुतलेला सदरा घातल्याशिवाय ते भाकरीला हात लावत नसत. हे सरांना सांगावं असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. सांगितलं नाही. घातलं.

का घातलं, ते सांगायला हवं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आणि त्यांच्या आधीची सगळी माणसं मालवणाकडे शेतात. गिरगावातल्या त्या कॉलेजात मला दोन गोष्टी एकदम आवडल्या: नाटकात उभं राहणं आणि शिकवणं. दोन्ही सरांच्या हातात होत्या. सर आम्हांला मराठी शिकवायचे, दर वर्षी संमेलनाचं नाटक बसवायचे, आणि शनिवारी दुपारी दादरच्या एका शाळेत मुलांचा अभिनयाचा वर्ग चालवायचे. त्या वर्गाला त्यांना मदतनीस हवा होता. मी धीर करून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "यंदाचं काम बघू तुझं. मग ठरवू." वर्षभर मी त्या एका वाक्यावर जगलो.

निवडीच्या दिवशी मी नायकाचा उतारा वाचला. चांगला वाचला असावा, कारण वर्ग गप्प झाला होता. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान. तू रामा कर."

सगळे हसले. तेव्हा मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला रामाच म्हणत, त्याच्या आईबापांनी काहीही नाव ठेवलेलं असो. नाटकात एक रामा असायचाच. तो गावठी बोलायचा, बशी फोडायचा आणि मालकिणीची बोलणी खायचा. मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजही तोंड कडू होतं.

आता त्या खुणांविषयी. साचेखात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालतात. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. दोन तर्जन्या एकमेकींत अडकवून झटक्यानं सोडवल्या की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, येतोय, सांभाळ. वडील वीस वर्षं त्या आवाजात उभे होते, त्यामुळे त्यांना घरीही कमी ऐकू यायचं. त्यांच्याशी बोलताना माझेही हात आपोआप हलायचे. मला त्यात काही विशेष वाटत नसे. तेलुगू शेजाऱ्याची मुलं घरात तेलुगू बोलतात, तसं ते.

एका तालमीत मालकीण झालेली मुलगी "रामा, पाहुणे आले का?" असं विचारते, तिथं मी वाक्य विसरलो. घाबरून माझा हात वर गेला आणि मी मिशीला पीळ दिला. घाबरलो की अजूनही माझं असंच होतं. सर खुर्चीतून उठले. हसून हसून त्यांना ठसका लागला. "हे काय रे? कुठून काढलंस? पुन्हा कर!"

मी पुन्हा केलं. "आणखी काय काय आहे?" मी धागा तुटल्याची खूण केली. सरांनी जागच्या जागी ठरवून टाकलं की रामा ठार बहिरा असेल, काही विचारलं की हातवारे करील. "खजिना आहे तुझ्याकडे," ते म्हणाले. खजिना. माझ्या बापाचे गेलेले कान.

सर वाईट होते असं मी म्हणत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गल्लोगल्ली चालत, आणि सर व्यासपीठावरून बोलायचे. "गिरणगावातल्या घामावर ही मुंबई उभी आहे," असं ते म्हणत तेव्हा त्यांचा आवाज खरोखर कापायचा. वडील त्या मोर्च्यांत चालले होते. लाठीचा वळ पाठीवर घेऊन घरी आले होते आणि आईनं हळद लावताना "माका काय झालां नाय" एवढंच म्हणाले होते. सर आणि वडील एकाच बाजूला आहेत, याचा मला फार अभिमान वाटायचा. सर सभेतून थेट तालमीला येत, आणि तोच आवाज मला म्हणायचा, "हात आणखी वेडेवाकडे कर. माकडासारखे."

गिरगावातला प्रयोग जोरात झाला. नायकाचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही, बहिरा रामा मात्र राहिला. कॉलेजसमोरच्या हॉटेलात मी शिरलो की टेबलांवरून आरोळ्या यायच्या.

"ए रामा, चार चहा आण!"

"अरे, ऐकू येत नाही त्याला! हातानं सांग!"

मग एकजण मिशी पिळायचा. मीही पिळायचो. ते पाठीवर थापा मारायचे, आणि मला त्या थापा हव्या असायच्या. हीच त्यातली सगळ्यांत किळसवाणी गोष्ट.

गणपतीत लालबागच्या एका मंडळानं तेच नाटक मागितलं. सरांना भरून आलं. "कॉलेजनं गिरणगावात गेलंच पाहिजे. हेच खरं संयुक्त महाराष्ट्राचं काम." मी दबकत म्हणालो, "सर, तिथं रामा साधा करू का? खुणा न करता?"

"वेडा आहेस? त्यांची गोष्ट त्यांच्यासमोर! हशा दुप्पट येईल बघ." मग थांबून म्हणाले, "दादरच्या वर्गासाठी मी तुझ्याबद्दल शाळेत बोललोय. मान खाली घालायला लावू नकोस."

प्रयोग संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला होता. मंडपात पुढे सतरंज्या होत्या, आणि पहिल्या रांगेत साचेखात्यातली माणसं बसली होती, सगळी धुतलेल्या सदऱ्यांत. मधोमध वडील. त्यांना ऐकू येत नसे म्हणून त्यांना मुद्दाम पुढे बसवलं होतं. शेजारच्या खोलीतले काका मला विंगेत पाहून ओरडले, "रे, साहेब झालंस तरी आमका वळख!"

मी ते बनियन घालून रंगमंचावर गेलो. मालकिणीनं विचारलं, "पाहुणे आले का?" मी मिशीला पीळ दिला.

कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी चटकन मागे वळून पाहिलं. जॉबर कुठं आहे ते बघायला. वीस वर्षांची सवय. मान वळल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि ते ओशाळून पुन्हा समोर बघू लागले. मी घाईनं धागा तुटल्याची खूण केली. सतरंजीवरून एका म्हाताऱ्यानं हातानं विचारलं, "कितव्या साच्यावर?" त्याला वाटलं मी त्यांच्याशीच बोलतोय. बोलतच होतो म्हणा.

मला पुढचं वाक्य आठवेना. विंगेतून सरांची कुजबूज आली, "मोठं कर! मोठं!" मी वडिलांकडे पाहिलं.

पोरगा अडकलाय हे त्यांना कळलं होतं. काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना वाचता येत होता. त्यांनी पंजा छातीवर ठेवला आणि मग दोन बोटं हळूच बाजूला हलवली. साचेखात्यात ही खूण रोज होते. शेजारच्याला घेरी आली, लघवीला जायचं असलं, घरून निरोप आला, की करतात. तिचा अर्थ: तू जा, तुझे साचे मी बघतो.

मी ती खूण उचलली. पंजा छातीवर आपटला, डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली, दोन बोटं माकडासारखी नाचवली. एकदा नाही, तीनदा. वडिलांकडे तोंड करून.

मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलांनी पहिल्यांदा हशा पेटवला. मग कडेची बदली कामगार पोरं हसली. मग बायका. पहिल्या रांगेतली माणसंही शेवटी हसली, पाहुण्यांचा मान राखावा तसं. वडिलांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि सगळे हसतायत असं दिसल्यावर तेही हसले. सगळ्यांच्या नंतर. तोपर्यंत त्यांचा पंजा छातीवरच होता.

प्रयोगानंतर मी रंग पुसत होतो तेव्हा ते मागच्या बाजूला आले. मी वाट पाहत होतो की ते काही बोलतील. शिवी दिली असती तर मी पाय धरले असते.

"हसले मां लोक?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मगे बरां झालां," ते म्हणाले, आणि माझ्या कानामागे राहिलेला काळा रंग आपल्या धुतलेल्या सदऱ्याच्या टोकानं पुसला. त्यांना खरंच बरं वाटलं, की त्यांनी सगळं ओळखलं होतं, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलं नाही. हातांनीसुद्धा नाही.

सरांनी मला मिठी मारली. "ती तिसरी कुठून काढलीस? छातीवरची? वा! ती कायमची ठेव."

दुसऱ्याच आठवड्यात दादरचा वर्ग मला मिळाला. शनिवारची दुपार, बाकं भिंतीला लावलेली, वीसेक मुलं, बहुतेक हिंदू कॉलनी आणि शिवाजी पार्ककडची, तेल लावून भांग पाडलेली. सरांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं, पुढे 'श्री.' लावून. माझ्या नावापुढे तो शब्द मी पहिल्यांदा पाहिला. पोटात आनंद झाला, हे लपवून काय उपयोग.

"आज हे तुम्हांला बहिऱ्या रामाच्या लकबी शिकवतील," सर म्हणाले आणि मागे जाऊन बसले.

मला वाटलं होतं श्वासापासून सुरुवात करावी. वाक्य कुठं तोडायचं ते सांगावं. वहीत तसं लिहूनही नेलं होतं. पण मुलं माझ्या हातांकडे पाहत होती. मी मिशी पिळली, त्यांनी पिळली. मी धागा तोडला, त्यांनी तोडला. मग सर मागून म्हणाले, "आणि ती छातीवरची?"

मी केली. पुढच्या एका हुशार मुलानं ती लगेच उचलली, जिभेसकट. मग त्यानं हात खाली घेऊन सरळपणे विचारलं, "सर, याचा अर्थ काय असतो?"

मला 'सर' म्हणणारा तो पहिला मुलगा. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सर मागून पाहत होते, फळ्यावर नाव होतं, आणि माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "नुसतं हसवण्यासाठी."

मुलानं मान डोलावली.

"पंजा जरा वर घ्या," मी म्हणालो. "हं. आता सगळे एकदम."